अंकली, उदगाव, जयसिंगपूर

२१ जून
पहाटे सहाला आप्पा उठायला गेले ते पलंगावरून खालीच आले. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लोंबत होता आणि बोलणं म्हणजे नुसता घोळ. शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्यांना थांबवलं. गिळणं बिघडलेलं असलं तर घोटभर पाणीसुद्धा फुप्फुसात उतरतं. अ‍ॅस्पिरिन द्या असं कुणीतरी म्हणालं. तेही दिलं नाही. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी काढल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही आणि रक्तस्रावावर अ‍ॅस्पिरिन म्हणजे आगीत तेल.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?" रात्री दहाला, झोपताना. "मग वेळ दहापासून धरायची." गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेत झटका आला की हे घड्याळ आपल्या नकळत चालू झालेलं असतं. एमआरआय पाहून अशा काहींना तरीही इंजेक्शन देता येतं, पण आप्पांच्या मेंदूचा तो भाग चित्रात आधीच गेलेला दिसत होता. मोठी नस तुंबली असेल तर तारेने गुठळी ओढून काढतात, कधीकधी २४ तासांपर्यंत. आप्पांची नस छोटी होती. म्हणजे दोन्ही वाटा बंद.

बीपीची गोळी त्यांनी संक्रांतीपासून सोडली होती. "त्रास काहीच नाही, मग कशाला?" म्हणून.

२४ जून
नाकातून नळी. गिळण्याची चाचणी रोज घेतात, चमचाभर दाटसर पदार्थ देऊन. आज निम्मी जमली.

बोलण्यात एकच शब्द उरलाय: बरं. दुखतंय का? बरं. घरी जायचं? बरं. आईचं नाव सांगा? बरं. आणि आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळतं, कारण लगेच डावा हात कपाळावर मारतात. बी.एड.ला शिकलेला ब्रोका आठवला. १८६१ साली पॅरिसमध्ये त्याच्याकडे आलेला रोगी फक्त 'तां' एवढंच बोलायचा, पण समोरच्याचं त्याला बरंचसं समजायचं. तो गेल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग नासलेला होता. वर्गात हे मी पाच मिनिटांत उरकते. यापुढे उरकणार नाही.

२ जुलै
घरी आणलं. फिजिओने आधी आम्हा सगळ्यांची शाळा घेतली: उठवताना उजव्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा सांध्यातून निसटतो. कुशीवर वळवताना हाताखाली उशी. बोलायला, जेवण द्यायला उजव्या बाजूने यायचं, म्हणजे त्यांचं लक्ष तिकडे जाईल.

आत्या इस्लामपूरहून आली ती कबुतराच्या रक्ताची बातमी घेऊन. कुणाच्या तरी चुलत्याला त्याने चोळलं आणि तो चालायला लागला. चालायला लागला असेलही. पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच जणांचं थोडंफार आपोआप सुधारतं, श्रेय मात्र त्या वेळी जो चोळत असतो त्याला मिळतं. आत्याला म्हटलं, तू दादाचा पाय रोज हलवून दे, कबुतर राहू दे. रागावली, पण पायाशी जाऊन बसली.

१९ जुलै
आजचा प्रसंग नीट लिहून ठेवते.

स्पीच थेरपिस्ट मॅडमनी वार म्हणून घेतले. सोमवार त्यांनी म्हटला, मंगळवार पुटपुटला आणि बुधवारपासून आप्पा एकटेच रविवारपर्यंत गेले. आई रडायलाच लागली. मॅडम म्हणाल्या, हे साठवणीतलं बोलणं. पाढे, वार, आरती यांचा रस्ता वेगळा असतो, तो बऱ्याचदा शाबूत राहतो. आणखी काय तोंडपाठ आहे यांना?

एसटीत आयुष्य काढलेल्या कंडक्टरला काय पाठ असणार! मी म्हटलं, "सांगली..." आप्पा सुरू: "अंकली, उदगाव, जयसिंगपूर, हातकणंगले, अतिग्रे, चोकाक, हेर्ले, शिरोली, कोल्हापूर." स्पष्ट, आणि शिरोलीला आवाज चढवून, झोपलेल्या प्रवाशाला उठवावं तसा.

मग मॅडमनी विचारलं, "जयसिंगपूरनंतर काय येतं?" आप्पा गप्प. ओठ हलले, डोळे छताला लागले आणि बाहेर आलं: बरं. ओळीत होतं ते सुटं काढता येईना. पण मॅडम खूश दिसल्या. ओळ आहे म्हणजे पकडायला काहीतरी आहे. आता रोज मी जयसिंगपूरपर्यंत म्हणून थांबायचं, पुढचा थांबा त्यांनी द्यायचा. ते जमलं की प्रश्न.

११ ऑगस्ट
साबणाच्या जाहिरातीला हुंदके देऊन रडले. दोन मिनिटांनी हसले, तेही विनाकारण. भेटायला आलेले मेहुणे म्हणाले, मन कच्चं झालंय. मन नाही, भावनेला आवर घालणाऱ्या मेंदूतल्या वाटाच दुखावल्यात. पण अलीकडे ते भिंतीकडे तोंड करून पडतात, जेवण नको म्हणतात, ते मात्र निराळं. अशा आजारानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं. डॉक्टरांनी त्यासाठी गोळी सुरू केली. आमच्याकडे या गोळीचं नाव पाहुण्यांसमोर काढत नाहीत. मी काढते.

७ सप्टेंबर
मनगट उचलतात, दोन बोटं मिटतात. फिजिओने नवा डाव काढला: दिवसातले काही तास डाव्या हाताला मोजा. अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब यांची ही पद्धत. दुबळा हात वापरून फळ मिळत नाही म्हणून माणूस तो वापरणंच सोडतो आणि न वापरल्याने तो आणखी मागे पडतो. म्हणून चांगल्यालाच बांधून ठेवायचं. हात थोडाफार हलत असेल तरच हे चालतं.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारच्यांनी काम शिकून घ्यायचं असतं, आणि ते हजारदा केल्याशिवाय शिकत नाहीत. आईला हे पटतं, पण बघवत नाही. डब्यात नाणी टाकताना पाचाचं नाणं तिसऱ्यांदा निसटलं तसं तिने उचलून टाकलंच. आप्पांनी डब्यातून बाहेर काढायची खूण केली. वीस वर्षांपूर्वी बसमध्ये सुट्ट्यांवरून जसे भडकायचे तसेच भडकले. मला फार बरं वाटलं.

खरं कष्टाचं काम आमच्याकडे आहे: त्यांचा शब्द ओठावर असताना आपण तोंड बंद ठेवणं. मी शिक्षिका आहे, मला ते अजिबात जमत नाही.

१६ नोव्हेंबर
काठी आणि घोट्याची पट्टी लावून अंगणापर्यंत चालतात. उजव्या हाताने सही होत नाही. डाव्या हाताची बँकेत नोंदवली. वाक्यं दोन-तीन शब्दांची. चहाला दूध म्हणतात, मग मान हलवून दुरुस्त करतात.

सकाळी बीपी मोजून मी यंत्र गुंडाळत होते, तर आप्पांनी पट्टा धरून ठेवला आणि आईकडे बोट केलं. "तू... तू पण." आई म्हणाली, मला काय झालंय? आप्पा म्हणाले, "मला... काय झालं होतं?"

१६८ वर ९८. दुपारी १६४, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. उद्या-परवाही मोजायचं आणि बुधवारी तिला दवाखान्यात न्यायचं. भिसी आहे म्हणून ती गुरुवार मागतेय. आप्पा नाही म्हणतात.