माहेरून आलेलं

समोरच्या बाईशी बोलताना मी तिच्या कुंकवाकडे बघते. टिकली असेल तर टिकलीकडे, काहीच नसेल तर दोन भुवयांच्या मधल्या जागेकडे. पुरुष असेल तर चष्मा नाकावर टेकतो तिथे. समोरच्याला वाटतं ही माझ्याकडे नीट बघून बोलतेय, आणि मला त्याचं बोलणं ऐकू येत राहतं. थेट डोळ्यांत बघितलं की शब्द कानावर पडतात, पण आत पोहोचत नाहीत. कुंकवाचा हा उपाय मी चौथी-पाचवीत कधीतरी शोधून काढला. त्यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे, असं पुढे कित्येक वर्षं माझ्या मनातही आलं नाही.

ते मनात आलं माझ्या थोरल्या मुलाच्या थेरपीच्या खोलीत. थेरपिस्ट ताई त्याच्यासमोर सतरंजीवर बसून, हातात राजगिऱ्याची वडी धरून, "इकडे बघ, माझ्याकडे बघ" म्हणत होत्या. त्याने बघितलं. ताई खूश झाल्या, वडीचा तुकडा त्याला मिळाला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते आणि तो नक्की कुठे बघतोय हे मला तिथून कळलं. ताईंच्या मरून टिकलीकडे. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मलाही नव्हतं.

थोरल्याचं ऑटिझमचं निदान तो तीन वर्षांचा असताना झालं. तो बोलतो कमी, आणि बोलतो ते बहुतेक कुठून तरी ऐकलेलं. धाकटीचं निदान व्हायला आठवं वर्ष उजाडलं, कारण ती बोलकी, अभ्यासात पुढे आणि शाळेत 'शहाणी मुलगी'. मुलींच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं. त्या बघून बघून शिकतात, वर्गातल्या एखादीची हसण्याची लकब उचलतात, दिवसभर ती सांभाळतात, आणि घरी आल्यावर दप्तर टाकून पलंगाखाली जाऊन पडतात. धाकटी अशीच पलंगाखाली जायची. मी तिच्याशेजारी फरशीवर आडवी व्हायचे आणि दोघी गप्प राहायचो. आम्हाला दोघींनाही त्याने बरं वाटायचं.

तिच्या निदानाच्या वेळी भलामोठा फॉर्म भरायचा होता. कपड्यांच्या आतली लेबलं टोचतात का? ताटातले पदार्थ एकमेकांना लागलेले चालतात का? ठरलेलं ऐन वेळी बदललं तर काय होतं? आवाजाचा त्रास होतो का, कोणत्या? मी लिहीत गेले, आणि एकेका उत्तराबरोबर माझंच काही ना काही वर येत गेलं. नव्या ब्लाउजची लेबलं मी आजही ब्लेडने उसवते. सगळ्याच बायका तसं करत असणार असं मला वाटायचं. मी मुद्रितशोधनाचं काम करते, लिहिलेलं पुन्हा वाचल्याशिवाय मला सोडवत नाही. रात्री मुलं झोपल्यावर मी तो फॉर्म परत वाचला, या खेपेला तिच्या नावाच्या जागी माझं नाव घालून. एकही दुरुस्ती करावी लागली नाही.

मग इतकी वर्षं कुणाच्या, अगदी माझ्याही, लक्षात कसं आलं नाही? मला वाटतं त्याचं बरंचसं उत्तर आपल्या हळदीकुंकवात आहे. मला हळदीकुंकू आवडतं, हे ऐकून लोकांना नवल वाटेल. पण तिथे सगळं ठरलेलं असतं. आधी हळद, मग कुंकू, मनगटाला अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण. काय म्हणायचं ते ठरलेलं, कधी वाकायचं ते ठरलेलं, आणि दुसऱ्या बाईच्या कपाळाकडे बघणं हे तर तिथलं कामच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मी दहा घरी गेले तरी थकत नाही, फक्त वाण हातात पडल्या पडल्या निघता आलं पाहिजे. अवघड असतं ते त्यानंतरचं. बायका सतरंजीवर ऐसपैस बसतात, कुणी कुणाच्या सुनेचं सांगतं, दोन गोष्टी एकदम चालू होतात, कुणीतरी माझ्या साडीबद्दल काही म्हणतं आणि ते कौतुक आहे की टोमणा हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळतं. तोवर मी हसून बसलेली असते. घरी येऊन साडी न बदलताच अंधाऱ्या खोलीत पडून राहते, आणि जबडा दुखत असतो.

ज्या समाजात भेटीगाठींना इतके विधी आहेत, तिथे माझ्यासारखी बाई सहज लपते. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने २००१ मध्ये मोठ्या माणसांसाठी ५० विधानांची प्रश्नावली तयार केली. तुम्हाला पार्टी आवडते की वाचनालय, अशा धर्तीची विधानं तिच्यात आहेत. मी ती भरली, पण अडखळत. आमच्याकडे पार्टीला जायचं का, असं कुणी विचारत नाही. मावसभावाच्या मुलाची मुंज असते आणि जायचं असतं. आवडनिवड विचारलीच गेली नाही, तर काय आवडत नाही हे स्वतःला तरी कुठून कळणार?

एवढं कळल्यावर ते बोलून का दाखवलं नाही, याला कारण आहे. थोरल्याचं निदान झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे सात पिढ्यांत असं कुणी नाही." त्या वाईट नाहीत. थोरल्याला तासन् तास झोपाळ्यावर घेऊन बसणाऱ्या त्याच. पण ते वाक्य घरात राहिलं. त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी उच्चारला नाही, तरी सगळ्यांना ऐकू आला. आता मीच म्हटलं की मीही तशीच असेन, तर तो अर्धा भाग मीच पुरा केल्यासारखा होणार. बघा, हिच्या माहेरून आलं.

आणि आलं असेलच माहेरून. माझे बाबा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रभर धावत्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकत जायचे. १९७२ साली पिन कोड सुरू झाले, आणि बाबांना आपल्या भागातले झाडून सगळे पाठ. लग्नात नवीन पाहुणा भेटला की बाबा विचारायचे, "गाव कुठलं?" पाहुणा म्हणे, सांगली. "४१६ ४१६," बाबा म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा उजळायचा. कराड, ४१५ ११०. पंढरपूर, ४१३ ३०४. पाहुण्याला पुढे काय बोलावं सुचायचं नाही. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत, आई 'त्यांचा स्वभाव' म्हणे. मला मात्र मांडवातल्या सगळ्या बोलण्यांत ते सुंदर वाटायचं. तुमचं गाव मला ठाऊक आहे, तुमच्या घरी आलेली पत्रं माझ्या हातून गेली आहेत, हे सांगण्याची ती बाबांची रीत होती.

बाबांना डोळ्यांसमोर ठेवूनच मी लिओ कॅनर यांच्याबद्दल वाचत गेले. बाल्टिमोरच्या या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ११ मुलांबद्दल निबंध लिहिला, आणि ऑटिझमची वैद्यकीय कहाणी बहुतेक लोक तिथूनच सांगायला लागतात. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातला डोनाल्ड. त्याच्या वकील वडिलांनी डॉक्टरांना मुलाबद्दल ३३ पानांचं टाइप केलेलं पत्र पाठवलं होतं. बारीकसारीक तपशिलांनी भरलेलं. कॅनर यांनी त्या वडिलांचंही वर्णन केलं आहे: अतिशय काटेकोर, कष्टाळू, आणि रस्त्याने चालताना विचारांत इतके बुडालेले की वाटेत कोण दिसलं, काय दिसलं, काहीच आठवत नाही. तिथे मी थांबले. हे तर बाबा. ही तर मी. मुलाबरोबर वडीलही त्या कागदावर उतरले होते. पण पुढच्या काळात त्या वर्णनांचा अर्थ लावला गेला तो भलताच. आईबाप थंड आहेत, यंत्रासारखे आहेत, म्हणून मूल मिटलं. १९४९ मध्ये खुद्द कॅनर यांनी अशा घरांना रेफ्रिजरेटरची उपमा दिली. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने हा आरोप घरोघरी पोहोचवला, आणि तो मुख्यतः बसला आयांवर. खरं तर त्याआधी तीन वर्षं, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी सविस्तर पुस्तक लिहून हे मेंदूच्या जडणघडणीतलं आहे, आईच्या मायेशी त्याचा संबंध नाही, असं मांडलं होतं. रिमलंड स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. मला त्या बायकांचा फार विचार येतो. आपल्या मुलाला जगात सर्वांत नीट ओळखणारी बाई, आणि तिलाच सांगितलं जात होतं की तू माया केली नाहीस. त्यांतल्या किती जणी डॉक्टरांच्या टायकडे बघत बसल्या असतील, कारण डोळ्यांत बघितलं की ऐकू येत नव्हतं!

पुढे चित्र बदललं. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेकडे बोट दाखवलं. १९८८ मध्ये एडवर्ड रिट्व्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा लेख लिहिला. विषय: ऑटिस्टिक मुलांचे ११ पालक, जे बहुधा स्वतःही ऑटिस्टिक असावेत. कॅनर यांची मुलंही ११ होती. मुलांपासून आईबापांपर्यंत पोहोचायला शास्त्राला ४५ वर्षं लागली. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ऑटिझम असण्यानसण्यातला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता आला. यामागे कुठलंही एकच जनुक नाही, शेकडो आहेत, आणि ती आईकडून येतात तशी वडिलांकडूनही येतात. काही तर दोघांकडे नसताना मुलात नव्याने होतात. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग आपल्या थोरल्या दिरांविषयी बोलू लागल्या, जे आयुष्यभर एकाच खुर्चीवर बसून, एकाच वाटीत जेवले.

मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न मात्र वेगळाच आहे. थोरला आणि मी, आम्हाला दोघांना एकच शब्द लावायचा का? मी एकटी लोकलने जाते, पगार आणते, बँकेत भांडते. त्याला रस्ता एकट्याने ओलांडता येत नाही, आणि आमच्यानंतर त्याचं कोण करणार ही काळजी माझ्या उशाशी असते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. त्याच्याकडे दाखला आहे, आणि तो दाखला त्याच्या हक्काचा आहे. मला दाखला नको, सवलत नको. त्याच्या वाट्याचं काहीही मला नको. पण म्हणून आमच्यातलं साम्य खोटं ठरत नाही. लॉर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ, त्याही एका ऑटिस्टिक मुलीच्या आई. लंडनमधल्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांवर ज्युडिथ गूल्ड यांच्याबरोबर त्यांनी केलेलं काम १९७९ मध्ये छापून आलं, आणि एका अरुंद व्याख्येच्या बाहेर राहिलेली कितीतरी माणसं त्यामुळे दिसू लागली. स्पेक्ट्रम हा विचार त्यातूनच वाढला. तो विशाल आहे म्हणून त्यात माझा मुलगाही मावतो आणि मीही. सगळ्यांनाच थोडं थोडं असतं हो, असं एक डॉक्टर मला समजुतीच्या सुरात म्हणाले. सगळ्यांना असतं तर सगळ्यांचा जबडा दुखला असता.

नवऱ्याने विचारलं, "बरं, समजा आहे. काय बदलेल?" प्रश्न रास्त होता. माझ्यापुरतं म्हणाल तर थोडंच. मी आता मांडवात कानात बोळे घालून बसते आणि विचारलं तर सांगते. पण खरा बदल मुलांसाठी आहे. थोरल्याला डॉक्टर आहेत, थेरपिस्ट आहेत, प्रेमाने जीव टाकणारी माणसं आहेत. त्याच्यासारखं वडीलधारं माणूस मात्र त्याच्या आयुष्यात कुणी नव्हतं. मागच्या मार्गशीर्षात ठाण्याला लग्न होतं. बँड सुरू झाला आणि थोरला म्हणू लागला, "पुढील स्टेशन मुलुंड. पुढील स्टेशन मुलुंड." आत्याबाई हसून म्हणाल्या, काय पाठ आहे बघा याला! मला कळलं. ठाण्याहून गाडी सुटते तेव्हा ती घोषणा होते. त्याला निघायचं होतं. मी फोन करायच्या आधी सगळी वाक्यं कागदावर लिहून घेते, म्हणजे मीही उसन्या वाक्यांवरच चालते. त्याने घेतलेलं वाक्य कशासाठी घेतलंय हे मला ओळखता येतं. आम्ही जिना उतरून पार्किंगमध्ये गेलो, तो गाड्यांच्या नंबरपाट्या वाचत फिरला, मी त्याच्यामागे. डेमियन मिल्टन, स्वतः ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील, यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं; ऑटिस्टिक माणसाला इतर उमगत नाहीत, तितकाच तोही इतरांना उमगत नाही. त्या पार्किंगमध्ये अशा दोन बाजू नव्हत्या.

शेवटी मी रीतसर तपासणी करून घ्यायचं ठरवलं. मोठ्या माणसांची अशी तपासणी करणारे आपल्याकडे थोडेच. नंबर लागायला वेळ गेला. मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, लहानपणचं सांगणारं कुणी आहे का? मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "तुझा मेला काही त्रासच नव्हता. एका जागी बसवलं की बसलीस." आणि मग थांबेचना. वेणी घालताना अंगावर काटा यायचा तुला. शेजारी स्टोव्हला पंप मारायला लागले की मागच्या दारी जाऊन बसायचीस. बटणांचा डबा घेऊन दुपारच्या दुपार काढायचीस, आणि रंगांप्रमाणे नाही हं, भोकांप्रमाणे. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे. पाहुणे आले की त्यांच्या चपला लावून ठेवायचीस.

"हे सगळं लिहून देशील का?" मी विचारलं.

"देते की. तुझ्या बाबांचंही लिहू का त्यात?"

"लिही."

"मग येताना दोनशे पानी वही घेऊन ये," आई म्हणाली.