परत येणाऱ्याची जागा

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथल्या कंपन्यांत काम करणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. माझं माहेर पौडचं, म्हणजे तालुक्याच्या गावचं. याच हिंजवडीतून कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं आणि न्यू जर्सीत संसार थाटला गेला. दोन-तीन वर्षांत परतू, असं निघताना सगळ्यांना सांगितलं होतं. सगळेच सांगतात.

अमेरिका नोकरीवरची ग्रीन कार्डं वाटताना एका देशाला साधारण सात टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. रांगेत असताना परतीच्या गप्पा मारणं सोपं जातं. निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो ना! खरी पंचाईत कार्ड मिळाल्यावर होते. आता अडवणारं कुणी नसतं. पुढे नागरिकत्व घेतलं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग ओसीआय कार्डावर आपल्याच गावात हवं तेवढं राहा, मतदान मात्र करू नका.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत परतीचा विषय दरवर्षी निघतो. आईवडिलांचं वय, मुलांचं मराठी, पुण्यातली हवा आणि रहदारी, नोकरीतला पगार. दोन्ही बाजूंचे मुद्दे मला आता पाठ आहेत. त्यात एक माणूस कधीच येत नाही, तो म्हणजे मागे राहिलेला भाऊ.

दादाला मी परतीचं पहिल्यांदा बोलले, तेव्हा तो म्हणाला, “ये की. आई खूश होईल.” आणि थोडं थांबून, “राहणार कुठं पण?” हा प्रश्न खोल्यांचा नव्हता, हे मला फोन ठेवल्यावर उमगलं. मी नसताना त्या घराने माझ्यावाचून जगायची घडी बसवली होती. आईच्या गोळ्या वहिनी देते. तपासणीला चांदणी चौकातल्या कोंडीतून पुण्याला दादा नेतो. खाचरात आंबेमोहोर लावायचा की नाही हे तो ठरवतो आणि मजूर मिळाले नाहीत तर स्वतः चिखलात उतरतो. मी व्हिडिओ कॉलवर आईला “पाणी जास्त पी” असं सांगते. एवढ्या कामावर घरात माझं कौतुक वहिनीपेक्षा जास्त होतं, हा अन्याय आहे. पण परदेशी लेकीच्या बाबतीत तो सगळीकडेच होतो.

त्यात जमीन. दादा भात काढतो ते खाचर आता लोकांना बंगल्याचा प्लॉट दिसतं. पुण्याकडून भूगाव, पिरंगुट करत करत शहर पौडपर्यंत आलंय. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, म्हणून बाबा गेल्यावर वारस नोंदीत माझंही नाव सातबाऱ्यावर चढलं. गावात बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून देतात, तशी मीही देईन असं सर्वांनी गृहीत धरलं होतं. दूर असेपर्यंत विषय निघाला नाही. परतते म्हटल्यावर तो न बोलता समोर आला.

मुळशीला परतायचं म्हटलं की मला सेनापती बापट आठवतात, जरी ते मुळशीचे नव्हते, पारनेरचे होते. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलल्याने शिष्यवृत्ती गेली. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवून १९०८ मध्ये ते परत आले. आणि १९२१ मध्ये परदेशात यंत्रं शिकलेला हा माणूस मुळशीत टाटांच्या वीज धरणाविरुद्ध शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. ‘सेनापती’ हे नाव त्यांना इथेच मिळालं. तुरुंगही मिळाला. धरण तरीही झालंच. १९२७ पासून त्याचं पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला वीज करतं. पन्नासेक गावं त्या धरणाखाली आली.

परत आलेल्या बापटांनी आपली जागा मागितली नाही. दुसऱ्यांची जागा जात होती, तिथे ते उभे राहिले. एवढी आपली ताकद नाही, हे उघड आहे. पण त्या गावांतल्या माणसांना परतायचं की नाही हा प्रश्नच उरला नाही. त्यांच्या शेजारी बसवून पाहिली की आमची घालमेल जरा चैनीची वाटते.

आम्ही परततोय. पौडच्या घरी नाही, भूगावला, भाड्याच्या घरात. मुलांच्या शाळेसाठी जूनच्या आत. हक्कसोडपत्रावर सही करणार नाही, हे दादाला फोनवर स्पष्ट सांगितलं. तो कसत असेपर्यंत जमीन विकायला काढणार नाही, हेही सांगितलं आणि ते लिहून द्यायचं ठरलं. दादा बराच वेळ गप्प होता. मग वहिनीने फोन घेतला. तिला एवढंच हवं होतं, की आईला तपासणीला नेण्याचं काम यापुढे माझ्याकडे असावं.

परतीचा विचार करत असाल तर पगार आणि शाळांचे तक्ते मांडण्याआधी मागे राहिलेल्या भावंडाशी बोला. आणि सातबाऱ्याचं बोलणं तिकीट काढायच्या आधी उरका.