‘नाही’ म्हणावे, पण मोजके

मुलांना ‘नाही’ म्हणू नये, त्यांचे मन मोडते, असे हल्ली पुष्कळ जण सांगतात. आपल्या घरांत मात्र पोराने तोंड उघडायच्या आत ‘नाही’ तयार असते. पळू नको, चिखलात जाऊ नको, मध्ये बोलू नको. दिवसभर हेच कानावर पडले, की त्या शब्दाची धार जाते आणि खऱ्या संकटाच्या वेळी तो बोथट निघतो.

कृषी खात्याच्या नोकरीत मी तीस वर्षे बांधाबांधावर हिंडलो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेले लेकरू दिसले, की अजून पोटात गोळा येतो. रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओ शाफ्ट साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात सदऱ्याचे टोक गुंतले, तर क्लच दाबेपर्यंत सगळे आटोपलेले असते. तिथे समजूत घालायला वेळ नसतो.

म्हणून तीन-चारच गोष्टी पक्क्या ठरवा. चालत्या ट्रॅक्टरवर बसायचे नाही. औषधाची बाटली रिकामी असली तरी तिला हात लावायचा नाही. मोटारीच्या पेटीला शिवायचे नाही. विहिरीवर एकट्याने जायचे नाही. यात आजी-आजोबांनीही सूट देऊ नये. खरे अवघड तेच! आईने नको म्हटले आणि आजोबांनी मांडीवर घेऊन स्टिअरिंग हाती दिले, तर रडले की ‘नाही’चे ‘हो’ होते, एवढेच पोर शिकते. पुढे पंधराव्या वर्षी तेच पोर ट्रॅक्टर रस्त्यावर काढते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

बाकी ठिकाणी हात सैल सोडा. वाफ्यात मेथी टाकू द्या, शेळीला पाला घालू द्या, चुकले तर चुकू द्या. आणि नकाराबरोबर कामही द्या: “ट्रॅक्टर बंद झाला, की दिवे तू पुसायचे.”

आपल्याकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. रोज कात्री लावली तर वेल खुरटेल, कधीच लावली नाही तर नुसता पाला माजेल.

आज जेवणे झाली, की आपल्या घरच्या त्या तीन-चार गोष्टी ठरवायला बसा. पोरांनाही जवळ बसवा, आणि आजोबांना तर आधी!