निर्दोषतेचा ध्यास

हातीं घेतलेलें काम उत्तम व्हावें अशी इच्छा असणें हा विद्यार्थ्याचा गुणच होय. परंतु तें निर्दोष झाल्यावांचून कोणाच्या दृष्टीस पडूंच नये, असें वाटूं लागलें म्हणजे तोच गुण पायांतील बेडी होतो.

माझा एक पुतण्या नागपुरास एम्. ए.च्या वर्गांत आहे. सुटींत तो पवनीस घरीं आला, तेव्हां प्रबंधाचें पहिलेंच प्रकरण चौथ्यांदा लिहीत होता. एके रात्रीं म्हणाला, "काका, मी परीक्षेचा नादच सोडतों. सगळ्यांचें लक्ष माझ्याकडे लागलेलें आहे."

खरें दुखणें या शेवटच्या वाक्यांत होतें. ह्यूइट व फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं या ध्यासाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि इतरांची आपल्याकडून तशी अपेक्षा आहे ही समजूत. अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील विद्यार्थ्यांत १९८९ ते २०१६ या काळांत तिन्ही वाढले, व तिसरा सर्वांत अधिक, असें करन व हिल यांनीं पुढें दाखविलें.

दुसरे दिवशीं आम्ही जगन्नाथ टेकडीवर फिरावयास गेलों. १९६९-७० सालीं येथें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडांत आणिले. बौद्ध परंपरेंत 'सति' म्हणून एक साधना आहे. श्वास येतो-जातो हें जाणावें; मन भटकलें तर तेंहि जाणावें, आणि स्वतःस दूषण न देतां परत यावें. उत्खनन करणाराहि फुटकें खापर फेकून देत नाहीं. तें कोठें, किती खोलीवर सांपडलें याची नोंद करून पुढें खणतो. मीं त्यास म्हटलें, "प्रकरणांतील उणिवा तशाच टिपून ठेव, आणि पुढचा थर खण."

त्यानें तें प्रकरण होतें तसें गुरुजींकडे धाडलें. दुरुस्त्यांनीं भरून परत आलें, तेव्हां त्याचा चेहरा उतरला. पण दुसरें प्रकरण त्याच आठवड्यांत सुरू झालें.

असें अवधान म्हणजे आळसास सवलत नव्हे. चूक नीट दिसल्यावांचून सुधारत नाहीं, आणि भ्यालेल्या डोळ्यांस ती नीट दिसत नाहीं. आपल्या भरल्या घरांतून मुलांस "कितवा आलास?" असें विचारणारीं माणसें पुष्कळ असतात. त्यांतील एकानें तरी "आज काय वाचलेंस?" असें विचारून पाहावें.