डाव्या कोपऱ्यावरचे ओरखडे

वाचकहो, आपल्या घरात वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले कोणी अजून मोटार चालवत असेल, किंवा आपण स्वतःच ते असाल, तर आज एका ओरखड्याची हकीकत आपणांस सांगायची आहे. खरे म्हणजे तीन ओरखड्यांची.

माझे वडील एकोणऐंशी वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून त्यांची हयात गेली. घरातील कोणतीही वस्तू कारागिराकडे देण्यापूर्वी स्वतः उघडून पाहायची, हा त्यांचा शिरस्ता. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या मोटारीच्या पुढच्या बंपरवर, डाव्या कोपऱ्याला, पहिला ओरखडा उमटला. ‘‘फाटकाचा खांब लागला,’’ ते म्हणाले. ‘‘गॅरेजवाला अख्खा बंपर रंगवायला सांगेल. आपण घरीच करू.’’

रविवारी सकाळी आम्ही बसलो; ते स्टुलावर, मी पाटावर. प्रथम साबणाच्या पाण्याने जागा स्वच्छ धुतली, कारण धूळ राहिली तर पुसतानाच नवे चरे पडतात. मग बाबांनी मला नखाची परीक्षा शिकवली. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. ते अडकले नाही, तर जखम वरच्या पारदर्शक थरापुरतीच आहे. मऊ कापडाने रबिंग कंपाउंड चोळले की काम भागते. नख अडकले, तर मात्र रंगापर्यंत जावे लागते. आमचे नख अडकले नाही. खांबाचा पिवळा रंग तेवढा चिकटला होता, तो अर्ध्या तासात गेला. आईला काही कळले नाही. ती उगाच काळजी करते, असे आम्हां दोघांचे मत होते.

दुसरा ओरखडा दिवाळीनंतरचा. त्याच कोपऱ्यावर, आणि खोल. खालचे काळे प्लास्टिक दिसत होते. बंपर गंजत नाही, म्हणून घाई नव्हती. पण बाबांना करमेना. हे काम मोठे निघाले. आठशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून कडा सपाट करायच्या, भोवती कागद आणि चिकटपट्टी लावायची, मग प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर मारायचा. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्यावर साधा रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. त्यानंतर मोटारीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या क्रमांकाचा रंग, वीतभर अंतरावरून, पातळ थरांत, प्रत्येक थरामागे दहा-पंधरा मिनिटे थांबून. शेवटी पारदर्शक थर. पूर्ण वाळल्यावर दोन हजार नंबरचा कागद आणि कंपाउंड. (हे करणार असाल तर मोकळ्या जागेतच करा, कापडी मुखपट्टीने या रंगांची वाफ अडत नाही, आणि दम्याच्या रुग्णाने तर त्या वेळी जवळपासही थांबू नये.)

त्या दोन सकाळी फार सुखाच्या गेल्या, हे मला लपवायचे नाही. बाबांचा हात अजून किती स्थिर आहे, हे पाहून मला धीर आला होता. ज्याचा हात इतका स्थिर, त्याचे काय बिघडले असणार?

तिसरा ओरखडा फेब्रुवारीत दिसला. तोच कोपरा. या वेळी त्यात लाल रंग होता.

मी सवयीने साबणाचे पाणी घेऊन आले, कापड भिजवले आणि विचारले, ‘‘बाबा, हा लाल रंग कशाचा?’’

ते वाकून पाहत राहिले. ‘‘कुठे काय लागले?’’ म्हणाले. मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ते लपवत नव्हते. त्यांना खरोखरच कळले नव्हते. आमच्या परिसरात लाल रंगाचा खांब नाही, भिंत नाही. लाल स्कूटर आहेत, मुलांच्या लाल सायकली आहेत.

कापड माझ्या हातात तसेच राहिले. डावा कोपरा चालकापासून लांबचा, तिथे अंदाज कोणाचाही चुकतो, अशी समजूत मी दोनदा घालून घेतली होती. दोन्ही वेळा मी त्यांच्या बरोबरीने बसून खूण घासून टाकली होती. इतकी सफाईने की तिसऱ्या वेळी आधीच्या दोन खुणा कुठे होत्या, हे दाखवायलाही काही उरले नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. समोरचा तक्ता बाबांनी चष्म्यासह जवळजवळ शेवटपर्यंत वाचला. मग दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली: एका ठिकाणी नजर स्थिर ठेवायची आणि कडेला प्रकाशाचा ठिपका दिसला की कळ दाबायची. डाव्या बाजूचे कित्येक ठिपके आले नि गेले. बाबांनी कळ दाबली नाही. काचबिंदू होता. त्यात दुखत नाही, समोरचे दीर्घकाळ स्वच्छ दिसते, आणि कडेचे जे दिसत नाही त्याची उणीव मेंदू भरून काढतो. त्यामुळे माणसाला काही हरवल्याची जाणीवच होत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंबांनी दाब कमी ठेवून उरलेली सांभाळायची.

प्रत्येक ओरखड्यामागे काचबिंदूच असतो, असे नव्हे. मोतीबिंदू असेल, मान वळत नसेल, झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहत असेल, किंवा फाटकच अरुंद असेल. वयाच्या पंचावन्नानंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. पण डोळे पाच वर्षे थांबत नाहीत. म्हणून एकाच बाजूला पुन्हा खूण दिसली, तर कंपाउंडची डबी उघडण्याआधी तिचे छायाचित्र काढून ठेवा, तारीख लिहा, आणि ते डॉक्टरांना दाखवा. विचारताना आवाज मात्र चढवू नका. मी चढवला होता, आणि त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

किल्ली त्यांनी स्वतःहून दिली, पण तीन आठवड्यांनी. त्या तीन आठवड्यांबद्दल मी येथे लिहिणार नाही.

आता मोटार मी चालवते. परवा रुग्णालयातून परतताना फाटकापाशी आले, तेव्हा शेजारच्या आसनावरून बाबा म्हणाले, ‘‘डावीकडे बघ गं. मला तिकडचे सांगता येणार नाही.’’ मी पाहिले. खांब वीतभर दूर होता. लाल ओरखडा अजून तसाच आहे. बाबांनी तो पुसू दिलेला नाही.