वाफसा

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव हे रेणुकादेवीचे गाव आहे. या गावातील एका घराच्या अंगणाभोवती पावसाळा सरता सरता मेंदीचे कुंपण लावण्यात आले. रोपांना पाणी घालण्याचे काम घरातील बहीणभावांकडे आले.

काही दिवस रोपे टवटवीत दिसली. मग पानांच्या कडा तपकिरी पडल्या आणि पाहता पाहता पाने गळू लागली.

"तू पाणी घालायला विसरतोस," बहीण म्हणाली.

"मी नाही, तूच विसरतेस," भाऊ उत्तरला.

एकमेकांवरचा विश्वास उडाला. भाऊ पहाटे गुपचूप पाणी घाली, तर बहीण तिन्हीसांजेला. रोपे मात्र अधिकच सुकत गेली. अखेर ती उपटून टाकावीत, असे दोघांनी ठरविले.

आजोबांनी त्यांना थांबविले. प्रथम त्यांनी पानांची खालची बाजू निरखली. तेथे कीड नव्हती. मग खुरप्याने बुंध्याजवळची माती उकरून ती मुठीत दाबली. तिचा चिकट गोळा झाला. एक वाळलेले रोप उपटून पाहिले, तर त्याची मुळे काळपट व मऊ झाली होती आणि त्यांना कुबट वास येत होता.

"आजोबा, इतके पाणी असून रोपे वाळली कशी?" मुलीने विचारले.

"बाळ, मुळांनाही श्वास घ्यावा लागतो," आजोबा म्हणाले.

काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. ती पाणी फार काळ धरून ठेवते. कणांमधील पोकळीत पाणीच भरून राहिले, की हवेला जागा उरत नाही. मग मुळे गुदमरतात, कुजतात आणि पाण्यात उभे असलेले रोपही तहानेने वाळते. जमिनीत ओलावा आणि हवा ही दोन्ही योग्य प्रमाणात असतात, त्या स्थितीला शेतकरी 'वाफसा' म्हणतात. मेंदी तर मुळातच कोरडे हवामान सोसणारी. परंतु ज्या मुलखाने १९७२ च्या दुष्काळात घोटभर पाण्यासाठी वणवण केली, तेथे पाण्याच्या अतिरेकाचा संशय कोणास येणार?

मुलांनी पाणी थांबविले. साचलेले पाणी वाहून जावे, म्हणून कुंपणालगत लहानसा चर खणला. चार बोटे खोल माती कोरडी लागली, तरच पाणी घालायचे, असा नियम केला. काही रोपे गेली ती गेलीच. पण ज्यांची मुळे अजून पांढरी व टणक होती, त्यांना महिन्याभरात नवी पालवी फुटली.

रोग पानांवर दिसला, पण त्याचे कारण मुळाशी होते. आणि त्याहूनही खोल, दोन भावंडांच्या अबोल्यात होते. आता पाणी घालण्यापूर्वी ती दोघे मातीत बोट घालून पाहतात आणि त्याआधी एकमेकांना विचारतात.