स्कोपवरचा रंग काढताना

सांगलीत माझं कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करण्याचं छोटं दुकान आहे. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि त्यानंतर कितीतरी दिवस गाळ भरलेली, बुरशी धरलेली भिंगंच माझ्या टेबलावर येत राहिली. रंग फासलेला रायफलचा स्कोप मात्र पहिल्यांदाच आला, तोही घरच्याच माणसाकडून.

माझे मामा अपशिंग्याचे. साताऱ्याजवळच्या या गावाला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. मामाही मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. शेतात मातीचा उंच बांध पाठीशी ठेवून कागदी टार्गेटवर एअर रायफल चालवायची, एवढाच त्यांचा नाद. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही; पण पाखरांवर ती चालवणाऱ्याला मामा बांधावरही उभं करत नाहीत.

रायफल त्यांनी जुनी घेतली होती. आधीच्या मालकानं स्कोपवर स्प्रेचे हिरवे-तपकिरी पट्टे मारलेले. पावसाळ्यात त्याचे पोपडे निघाले, तेव्हा शेताच्या फाटकाला रंग देणाऱ्यानं उरलेला हिरवा ऑइल पेंट ब्रशनं वरून फासला. झूमची कडी फिरेना, नेम जुळवायच्या टरेटची टोपी निघेना आणि पुढच्या भिंगावर जुन्या स्प्रेचा एक थेंब.

“थिनरमधी बुडवून ठेव की रातभर,” मामा म्हणाले.

“मामा, रंग जाईल, पण स्कोपही जाईल.”

तेवढ्यात दुकानात बसलेल्या एका मेकॅनिकनं कॉस्टिक सोड्याचा उपाय सुचवला. लोखंडी ग्रिलला तो चालतो, म्हणून सगळ्यालाच चालेल असा आपला समज असतो. स्कोपची नळी बहुतेक ॲल्युमिनियमची. कॉस्टिकच्या पाण्यात ॲल्युमिनियमला फेस येतो, म्हणजे धातूच विरघळत असतो. त्यावरचा अ‍ॅनोडायझिंगचा काळा थर तर त्याआधीच जातो. थिनरची तऱ्हा निराळी. तो धातूला काही करत नाही. पण रबरी ओ-रिंग फुगवतो, प्लॅस्टिक चिकट करतो आणि टरेटवरचे पांढरे आकडे पुसून टाकतो. ओ-रिंग गेली की नळीत भरलेला नायट्रोजन निघून दमट हवा आत शिरते आणि भिंगावर आतून धुकं धरतं. ते बाहेरून पुसता येत नाही. फार जुन्या दुर्बिणींत भिंगं कॅनडा बाल्समनं जोडलेली असतात आणि थिनर तो डिंकही सोडवतो.

अशा वेळी मला मिरज आठवते. तिथल्या सतारमेकर गल्लीत माझं जाणं-येणं आहे. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारं घासून-परजून देणारे. हत्यारांची मागणी आटल्यावर १८५०च्या सुमारास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी करायला घेतल्या आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागिराला जुन्या तंबोऱ्यावरचं चपड्याचं पॉलिश उतरवताना मी पाहत बसलो होतो. स्पिरिटचा ओला बोळा ठेवायचा, थांबायचं आणि उचलायचा. घासायचं नाही. “घासलं की वरचं खाली जातं,” एवढंच ते म्हणाले. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो म्हणून तिथे स्पिरिट. आपल्यापुढचा रंग कशात विरघळतो, ते आधी शोधायचं.

मग कामाला लागलो. रायफल रिकामी आहे याची मामांनी स्वतः खात्री केली आणि मी एलन कीनं रिंगा सोडवून स्कोप वेगळा केला. दोन्ही भिंगांवर कागदाच्या चकत्या ठेवून कडेनं मास्किंग टेप लावला. टेप काचेला चिकटू दिला नाही. खिडक्या उघड्या, हातात नायट्राइल मोजे, आसपास ना शेगडी ना उदबत्ती. रंग किती जुना, हे माहीत नव्हतं, म्हणून पॉलिश पेपर हातातच घेतला नाही. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची कोरडी भुकटी नाकातोंडात जाणं बरं नाही, लहान मुलांच्या तर मुळीच नाही.

पहिली चाचणी रिंगेखाली झाकल्या जाणाऱ्या जागी घेतली. कापूसकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून टेकवली. काडीवर हिरवं-तपकिरी उतरलं, काळं नाही. म्हणजे स्प्रेचा रंग ॲक्रिलिक जातीचा आणि खालचं अ‍ॅनोडायझिंग शाबूत. काडी काळी झाली असती, तर मूळ थरच निघतोय असं समजून मी तिथेच थांबलो असतो.

खरी अडचण वरच्या ऑइल पेंटची होती. वाळलेल्या ऑइल पेंटला अल्कोहोल दाद देत नाही. पण तो बसला होता स्प्रेच्या थरावर. म्हणून बांबूच्या कामटीनं पोपड्याची एक कड उचलली, तिथे ओल्या कापसाची पट्टी ठेवली आणि अल्कोहोल उडू नये म्हणून वर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळला. थोड्या वेळानं पट्टी काढली, तर खालचा थर मऊ झालेला आणि वरचा हिरवा रंग तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. कामटी सरकवली तशी अख्खी पट्टी उलगडत आली. खाली नळीचा मंद काळा रंग जसाच्या तसा होता. मग बोटभर भाग घ्यायचा, तो पूर्ण करायचा आणि पुढे सरकायचं, असं चाललं. झूमच्या कडीच्या खाचेतला रंग लाकडी टूथपिकनं काढला. टरेटच्या आकड्यांजवळ अल्कोहोल नेलंच नाही. तिथे नुसती कामटी आणि नख.

भिंगावरचा थेंब शेवटी घेतला. भिंगावर परावर्तन टाळणारा लेप असतो, बहुधा मॅग्नेशियम फ्लोराइडचा, जाडी साधारण १०० नॅनोमीटर. ब्लेडचं टोक टेकलं की तो गेला. आधी ब्लोअरनं धूळ उडवली. लेन्स टिश्यूचा बारीक तुकडा अल्कोहोलनं ओलसर करून थेंबावर ठेवला आणि सरळ वर उचलला. प्रत्येक वेळी नवा तुकडा. थेंब विरत गेला आणि लेपाची जांभळट झाक शाबूत राहिली.

रंगानं माखलेला कापूस गच्चीवर उघड्यावर वाळवून कचऱ्यात दिला. मोरीत काही ओतलं नाही; आमच्या गटारांचं पाणी शेवटी कृष्णेलाच जातं.

स्कोप काढून परत बसवला की नेम नव्यानं जुळवावाच लागतो. अपशिंग्याला मामांनी १० मीटरवर कागद लावला. पाव कोनीय मिनिटाच्या टरेटचा एक क्लिक त्या अंतरावर जेमतेम पाऊण मिलिमीटर सरकतो, त्यामुळे बराच वेळ ‘अजून डावीकडं घे’ चाललं होतं. स्प्रिंगच्या एअर रायफलला पुढं-मागं असे दोन्ही झटके बसतात, म्हणून रिंगांचे स्क्रूही पुन्हा तपासले. शेवटी छरे मधल्या काळ्यात बसायला लागले आणि मामा म्हणाले, “आता कुणाला ब्रश लावू द्यायचा न्हाई.”

माझंही तेच म्हणणं आहे. स्कोप झाकायचाच असेल, तर पुन्हा निघणारा कापडी टेप गुंडाळा. रंग बसलाच असेल, तर तो कुठला आणि खाली कोणता धातू, कोणता लेप, हे झाकलेल्या जागी तपासल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका. काट्यांवर किंवा आकड्यांवर अंधारात चमकणारा जुना रंग असलेलं लष्करी उपकरण मिळालं, तर ते खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं. आणि दोन-तीनदा मऊ हातानं प्रयत्न करूनही एखादा डाग हलत नसेल, तर तो राहू द्या. डागामुळे नेम चुकत नाही, ओरखड्यामुळे भिंग मात्र जातं.